निळ्या ड्रममधलं पाणी

आमच्या गल्लीत नळाला आठवड्याने पाणी येतं. दारोदार ड्रम असतात आणि उन्हाळ्यात तेही पुरत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशींनी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून एक निळा ड्रम स्वस्तात आणला. झाकणावर वितळल्याचा काळा डाग होता.

भंगारवाल्याच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. तिथे जुन्या मोबाइलमधल्या सर्किटच्या प्लेटा जाळून, तेजाबात बुडवून सोनं काढतात. उरलेलं हिरवट पाणी नाल्यात सोडतात. नाल्याकाठचं गवत मेलेलं आहे, आणि वारा फिरला की जेवताना घशात जळक्या प्लास्टिकचा वास उतरतो. तेजाबाचे ड्रम रिकामे झाले की दुकानापुढे विकायला लागतात. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. घासून घेतला की झालं, असं सगळेच म्हणत.

मावशींनीही राखेने घासला. दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडे चहा घेतला, तर तोंडात नाणं धरल्यासारखी चव आली. तो घोट गिळवला नाही.

त्यांची सून गरोदर होती, सातवा महिना. तिने ते पाणी सोडलं आणि कळशी घेऊन आमच्याकडे येऊ लागली. मावशींना ते लागलं.

"लई नाजूक हायेस. आम्ही पितोयच की, मेलो का?"

"तुम्ही एकटीचं पिता, आत्याबाई. मी दोघांचं पिते."

त्याच दुपारी सुनेने ड्रम आडवा केला. पाणी गटारात गेलं. बुडाशी हिरवी साय उरली होती. बोटाला चिकटायची, धुतली तरी वास जात नव्हता. मावशींनी तो ड्रम भंगारवाल्याला परत विकला.

पुढे एकदा सून दवाखान्यातून परतत होती. योगायोगाने आम्ही एकाच रिक्षातून कोपऱ्यावर उतरलो. दुकानापुढे तोच ड्रम धुऊन ठेवलेला, झाकणावर तोच डाग. एक बाई भाव करत होती. सून थांबली.

"ताई, ह्यात पाणी भरू नका. तेजाबाचा हाय."

भंगारवाल्याने तांब्याभर पाणी आत फिरवून रस्त्यावर ओतलं. बाईने ड्रममध्ये डोकं घालून वास घेतला, तोंड वाकडं केलं.

"मग कशात भरू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ड्रम रिक्षावाल्याकडे सरकवला.