वाजेल तिथं वळायचं

नऊ फेब्रुवारी, गेल्या वर्षीची. रक्कम शहाण्णव हजार रुपये: पंधराशे चौरस फूट, दर चौसष्ट, तुटफूट धरून. हजर चौघं: मी, बायको, आई आणि मैसूरात बन्नीमंटपच्या बाजूच्या टाइल्सच्या दुकानातला विक्रेता.

दर मी फोनवर आधीच ठरवून आलो होतो. दुकानात ठरायचं होतं ते वेगळं. काचबिंदूनं आईची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तरीही सरस्वतीपुरमच्या भाड्याच्या घरात ती एकटी हिंडायची. दुपारी झोपून उठली की स्वयंपाकघरात जाऊन स्वतःची कॉफी स्वतः करायची. कुणी हात धरलेला तिला खपत नसे. त्या घराची जमीन लाल कोब्याची, आणि भिंतीकडेनं वीतभर काळी पट्टी. लाल आणि काळा जिथं मिळत तिथं बोटाला लागेल इतपत जोड होता. आई त्या जोडावर अनवाणी पाय ठेवून चालायची. मालकानं घर विकायला काढलं, म्हणून वडिलांनी कुवेंपुनगरात घेऊन ठेवलेल्या जागेवर आम्ही घर बांधायला घेतलं होतं. नव्या घरात आई एकटी कॉफीपर्यंत पोचेल अशी जमीन मला हवी होती.

लाल कोब्याची मी चौकशी केली होती. घोटून करणारी माणसं आता मिळत नाहीत, मिळाली तर कामाची खात्री देत नाहीत. म्हणून टाइल्स.

विक्रेत्यानं नमुने जमिनीवर मांडले. "अम्मा, हे बघा, एकदम आरसा," तो कन्नडमध्ये म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

"बघते की," आई म्हणाली. तिनं चपला काढल्या आणि नमुन्यावर उभी राहिली. "ताटात उभं राहिल्यासारखं वाटतं. पुढचं?"

पुढचा नमुना तिनं टाचेनं घासला. "हे पण ताटच."

"अम्मा, याचा दर एकशे दहा आहे."

"मग चांदीचं ताट."

मी सुचवलं, की आईच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत खरखरीत टाइल्सची एक अरुंद पट्टी घ्यावी. खर्च फारसा वाढत नव्हता. बायको साताऱ्याकडची, तिला असल्या वेळी गप्प बसवत नाही. "अहो, फलाटावर असते तशी? मग पिवळीच घेऊ या. कुठली गाडी लागायची तेवढं सांगा."

मला वाटलं आई माझी बाजू घेईल. ती चपला चाचपत होती. "बेडा. नको रे. येणारं माणूस विचारणार, हे काय म्हणून. मग तुम्ही हळू आवाजात सांगणार. सुम्ने, उगाच कशाला?"

आमच्या घरात चार पिढ्यांच्या मैसूरनं मराठीत असे कन्नड शब्द मुरवलेत. 'बेडा' म्हटलं की विषय संपला.

चार बाय दोनच्या, हस्तिदंती रंगाच्या, चकाकी कमी असलेल्या टाइल्स घेतल्या. बसवण्याचं काम एका मेस्त्रीला दिलं. बोलका माणूस, हात झपाट्याचा. मजुरी बेचाळीस हजार ठरली. मे महिन्यात वास्तुशांत करून आम्ही राहायला गेलो.

पहिल्याच आठवड्यात मी ते पाहिलं. आई खोलीच्या दारातून बाहेर आली, पाच-सहा पावलं चालली आणि दिवाणखान्याच्या मध्यावर थांबली. हात पुढे धरले नव्हते, बाजूला सोडलेले होते. एक पाय पुढे सरकवला, मागे घेतला. भिंत कुठल्याच बाजूला हाताशी नव्हती. मी खुर्चीतून उठलो तशी म्हणाली, "कोण? तू होय. बस, बस. मी सहज उभी आहे."

ती सहज उभी नव्हती. त्यानंतर ती दुपारी उठून पलंगावरच बसून राहू लागली. बायको कॉफी नेऊन द्यायची. आई ती प्यायची, पण "छान झाली" असं दर वेळी म्हणायची. परक्या घरी म्हणतात तसं.

मेस्त्रीचा शेवटचा हप्ता नऊ हजार द्यायचा होता. पैसे देण्याआधी काम तपासायचं, ही माझी सवय. पाच रुपयांचं नाणं घेऊन मी गुडघ्यावर बसलो आणि घरातली प्रत्येक टाइल वाजवली. खाली सिमेंटचा मसाला नीट भरला असेल तर आवाज बसका, दगडासारखा येतो. भरला नसेल तर मडक्यासारखा. पावणेदोनशे टाइल्सपैकी अकरा पोकळ निघाल्या. त्यांच्यावर मी पेन्सिलीनं फुल्या केल्या.

आई दारात खुर्ची घेऊन बसली होती. "आत्ताची परत वाजव," ती मधेच म्हणाली. वाजवली. "आता माझ्या दारासमोरची." ती पण वाजवली. मी फोनवर मेस्त्रीला बोलावून घेतलं.

तो आला, फुल्या पाहिल्या, आणि नाकारलं काहीच नाही. घाईत मसाला पसरायचा सोडून चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे गोळे ठेवून टाइल दाबली की असं होतं, म्हणाला. "पण सार, माणूस पण कुठं तरी पोकळ असतोच. त्याला कुणी काढून परत बसवतं का?"

"माणसाची मजुरी मी देत नाही," मी म्हणालो. नऊ हजार मी राखून ठेवले. अकरा टाइल्स काढून पुन्हा बसवल्या की द्यायचे, असं ठरलं. माणसं गावी गेलीत, ती आली की करतो म्हणून तो गेला.

ती माणसं यायला ऑगस्ट उजाडला. तोवर घरात भलतंच घडून गेलं होतं. एका दुपारी भांड्याचा आवाज आला म्हणून मी आत गेलो, तर आई गॅसजवळ उभी. कॉफी उतू जायच्या बेतात होती आणि ती अंदाजानं बटण फिरवत होती.

"कशी आलीस?"

"बसनं," ती म्हणाली.

मग तिनं मला चालून दाखवलं. ती टाच आपटत चालायची. बसका आवाज आला की सरळ जायचं. वाजेल तिथं वळायचं. अकरापैकी चार पोकळ टाइल्स तिच्या वाटेवर होत्या, आणि तिनं त्यांना सिटी बसच्या थांब्यांची नावं दिली होती. खोलीच्या दारासमोरचा सरस्वतीपुरम. दिवाणखान्यातला पहिला हॉस्पिटल, कारण तिथं औषधांचं कपाट. दुसरा बन्नीमंटप, कारण दसऱ्याची शमीपूजा तिकडे होते आणि इथं आमचे देव. स्वयंपाकघराच्या तोंडाशी मार्केट. "मार्केट आलं, उतरा," असं म्हणत ती आत शिरायची. बायको ओट्यापाशी असली तर विचारायची, "आई, तिकीट?" आई म्हणायची, "पास आहे माझा. म्हातारीला फुकट."

मेस्त्री हातोडी-छिन्नी घेऊन आला तेव्हा आई 'मार्केट'वर उभी राहिली.

"अम्मा, थोडं सरका."

"इथं बस थांबते."

"साहेब पैसे देत नाहीत, अम्मा."

"ते त्याला विचार. फरशी त्याची, आवाज माझा."

मेस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "सार, अम्मा काढू देत नाहीत, आणि काढल्याशिवाय तुम्ही देत नाही. मी नक्की कुणाच्या घरात काम केलं, तेवढं तरी सांगा."

बाकीच्या सात तरी काढ, असं मी म्हणालो. एकाच वेळी सगळ्या काढणार, सात काढून वर चारांसाठी दुसरी फेरी परवडत नाही, असं तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. तेव्हापासून तो त्या बाजूला काम असलं की डोकावायचा, आईच्या हातची कॉफी प्यायचा आणि तसाच परत जायचा.

डिसेंबरात आईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात तिला वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हा कुठला स्टॉप?"

"हॉस्पिटल, आई."

"कपाटाजवळचा?"

"नाही. खरं हॉस्पिटल."

"मग इथं उतरायचं नाही," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती ताप आणि पाणी एवढ्यापुरतीच. पाचव्या दिवशी गेली.

मार्चमध्ये ऊन चढू लागलं आणि मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. दुपारची वेळ, मी जमाखर्चाचे कागद घेऊन बसलो होतो. आईच्या दारासमोर टक्. बऱ्याच वेळानं, हॉस्पिटल. मग देवापाशी. मग मार्केट.

त्याचं कारण मला माहीत आहे. दिवाणखान्याला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, आईच्या खोलीच्या अंगाला. दुपारचं ऊन तिथून आत येतं आणि सरकत सरकत स्वयंपाकघराकडे लांबतं. टाइल तापली की फुगते. खाली मसाला धरून नसेल तर सुटते आणि वाजते. ऊन जसं पुढे जाईल तशा टाइल्स ओळीनं वाजणार. बायकोलाही मी हे समजावलं, जमिनीवर खडूनं उन्हाची कड दाखवून. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी गॅसवर पाण्याचं भांडं चढवू लागली. कुणासाठी ते मी विचारलं नाही. कॉफी आम्ही दोघंच प्यायचो.

एप्रिल, मे असे गेले. मेच्या अखेरीस मी दुपारची बाहेरची कामं सकाळवर ढकलली होती.

मग ढग आले. ऊन नाही, म्हणून आवाज नाही. माझा हिशेब बरोबर होता आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. मी कागद घेऊन त्याच खुर्चीत बसायचो, घर ठार गप्प असायचं.

जुलैत एका दुपारी, बाहेर इतकं झाकोळलेलं की दिवा लावला होता, दारासमोर टक् वाजलं. एकदाच. स्पष्ट. मी पेन खाली ठेवलं. पुढचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. बराच वेळ बसलो. दारासमोरच्या जमिनीला हात लावून पाहिला, ती गार होती.

निघालेलं माणूस मधेच उभं राहिलं आहे, हात बाजूला सोडून, असं मला वाटलं. मी हे कुठं लिहीन असं वाटलं नव्हतं. मी उठलो, आईच्या दारात गेलो, आणि टाच आपटत निघालो. कपाटाजवळ वाजलं, देवापाशी वाजलं, स्वयंपाकघराच्या तोंडाशी वाजलं. ओट्यापाशी पोचल्यावर मागे वळून पाहायचं मी टाळलं. बायको आतच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भांड्यात थोडं पाणी वाढवलं.

नोव्हेंबरात गॅसचा सिलिंडर आत नेताना त्याची कड 'मार्केट'वर आदळली आणि टाइल आरपार तडकली. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, घरात माणसं येणार, कुणाचा तरी पाय कापायचा. मी मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "अम्मा काय म्हणतात?" वर्षभर त्याला या बाजूला काम नव्हतं, त्याला कळलं नव्हतं. सांगितल्यावर त्यानं वेळ विचारली आणि फोन ठेवला.

त्यानं कड कापली आणि तुकडे उचलले. मी शेजारी वाकून उभा होतो. खाली काय असतं ते मला ठाऊक होतं, त्यानंच सांगितलं होतं. तरी मी वाकलो होतो. चार कोपऱ्यांत चार गोळे, मधे एक, वाळून पांढरे पडलेले. त्यांच्यामध्ये बोटभर खोल जागा, थोडी भुरकट धूळ. मेस्त्रीनं टॉर्च मारला. दुसरं काही नव्हतं.

शिल्लक ठेवलेल्या टाइल्समधली एक मी आणून दिली. मसाला त्यानं या वेळी कडेपर्यंत पसरला. बसवून झाल्यावर मी नाणं काढलं आणि वाजवलं. आवाज बसका, दगडासारखा. काम चोख होतं. बायको दारात उभी होती. तो आवाज ऐकून ती आत निघून गेली.

मेस्त्री छिन्नी घेऊन देवापाशी सरकला. फुली अजून पुसट दिसत होती. "आता ही," तो म्हणाला.

"राहू दे."

"सार, दहा राहिल्यात."

"राहू देत."

तो टाचांवर बसून राहिला. मग हत्यारं पिशवीत टाकू लागला. "अम्मा असत्या तर कॉफी मिळाली असती," म्हणाला. आतून बायको म्हणाली, "बसा, होतेच आहे."

दुपार झाली होती, पण ऊन नव्हतं.

कॉफी झाल्यावर हिशेब केला. एका टाइलची किंमत पाचशे बारा रुपये वजा करायचं मी सकाळी ठरवलं होतं. वजा केले नाहीत. टाइल्स बसवणाऱ्या मेस्त्रीला रोख नऊ हजार रुपये दिले.