जाईच्या आईबाबांचा रक्तगट जुळला होता

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, एका रक्तपेढीच्या काउंटरवर मला कळलं की आमची जाई वाचू शकली असती.

चार वर्षांची होती.
आज तिला जाऊन महिना झाला.

तिचे आईबाबा, सविता आणि हिरामण, दोघंही नाशिककडच्या सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातले. आमच्या कॉलनीच्या रक्तदान शिबिराला न चुकता यायचे. तिथेच त्यांची ओळख झाली.

लग्न मी जमवलं. बँकेतून रिटायर झाल्यावर दुसरा उद्योग नव्हता.

"पत्रिका कसल्या बघता? रक्तगट बघा!" मी ठणकावलं.
दोघांचाही ओ पॉझिटिव्ह.
"झालं तर मग."
कॉन्व्हेंटात शिकलेली बाई बोलतेय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

रक्तगटावरून सिकलसेल, हा आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, कळत नाही, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं.

जाईचे हातपाय सुजायचे, ताप यायचा. वाढीचं दुखणं, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले. मला ती आजीच म्हणायची.
"आजी, माझे पाय काढून ठेव ना थोडा वेळ."

शेवटच्या ॲडमिशनमध्ये निदान झालं. सिकलसेलचा आजार. म्हणजे आईबाबा दोघंही वाहक, दोघांकडूनही तो दोष तिच्यात आलेला. त्यांना स्वतःला कधी काही त्रास नाही.
तोवर इन्फेक्शन हाताबाहेर गेलं होतं.

इतकी वर्षं रक्त देताना हे कुणाला दिसलं नाही का, हे विचारायला मंगळवारी मी दोघांना घेऊन शिबिरवाल्या रक्तपेढीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटर पाहिला.

"हो, दोघांची नोंद आहे. सिकल ट्रेट, म्हणजे वाहक. डोनर्सचा स्टडी झाला होता तेव्हाची."
तारीख लग्नाच्या आधीची.
"मग यांना सांगितलं का नाही?"
"मॅडम, तो स्टडी होता. कळवायचं त्यात नव्हतं."

हिरामण म्हणाला, "रक्त कमी पडलं की फोन करता ना ताई? नंबर तर हाय तुमच्याकडं."

लग्न केलं असतं की नाही, तो त्यांचा प्रश्न. पण जाईची जन्मतःच तपासणी झाली असती. औषधं वेळेवर सुरू झाली असती.

अर्धवट माहितीवर शहाणपणा शिकवला, हा माझा गुन्हा. तो मी सवितासमोर हात जोडून कबूल केलाय. आता तुमची पाळी, रक्तपेढीवाल्यांनो.

जाई बाळा, आजीचा शेवटचा पापा.

रक्तपेढीच्या प्रमुखांना: येत्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर हवं. मराठीत, सविता आणि हिरामणच्या नावाने, सहीशिक्क्यासकट. 'चौकशी सुरू आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.

लग्नसराई तोंडावर आहे. तोवर त्या स्टडीत वाहक निघालेल्या बाकीच्यांना एकेक करून फोन लावायला घ्या.