दोन फूट पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. इंजिनिअर झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर. नाक मुरडणाऱ्यांना मी तेव्हाही सांगत असे, "गाव सकाळी धुतलेलं दिसतं ते आमच्यामुळे."

तिथे एक खोल, गोल विहीर. गावभरचं सांडपाणी तिच्यात उतरतं, तळाशी बुडालेला पंप ते पुढे शुद्धीकरणाला ढकलतो. विहिरीत भरताच्या वांग्याएवढे दोन फ्लोट लोंबतात. पाणी वरच्याला लागलं की पंप सुरू, खालच्याच्या खाली गेलं की बंद. त्यांची उंची ठरवायचं काम माझं. खालचा मी कागदावरच्या पातळीपेक्षा दोन फूट वर बांधला.

"काऊन मॅडम, एवढा वर?" ऑपरेटर काकांनी विचारलं.

"सेफ्टी," मी ऐटीत म्हटलं.

खरं कारण वरवट बकालकडच्या आमच्या वावरात होतं. नववीत असताना मोटर चालू ठेवून मी पुस्तकात गुंगले. विहीर उपसली गेली, मोटर जळली. बाबा रागावले नाहीत, नुसते काठावर बसून राहिले. तेव्हापासून विहिरीचा तळ दिसायला लागला की माझा हात आधी स्विचकडे जातो.

दीडेक महिन्यात वास सुटला. भिंतीपलीकडच्या मावशी फाटकावर आल्या. "मॅडम, रविवारी आमच्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. असा वास आला तं ते चहा तरी पितीन का?"

त्या गेल्यावर काका म्हणाले, "राग नका मानू. तुमचं ते दोन फूट पाणी हालतच नाही. गाळ बसून सडला. हे काही वावरातलं पाणी नाही, उद्याच्या ओलितासाठी राखाले."

मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी बरोबर ओळखलं. तेही शेतकऱ्याच्याच घरचे.

शुक्रवारी खालचा फ्लोट दोन फूट उतरवला. काका पाइपाने भिंती न् तळ धूत होते, पंप गाळ ओढत होता. पाणी खाली, आणखी खाली. माझा हात स्विचवर.

"बंद करू?"

"थांबा."

"काका, जळन ना ते!" घाबरले की माझी भाषा गावी जाते.

"थांबा म्हणतो ना, बाई!"

पंपाच्या डोक्यावर वीतभर पाणी उरलं, फ्लोट कलंडला आणि पंप आपोआप थांबला. कागदावर होतं तेवढंच.

रविवारी सुट्टी असूनही मी गेले, भिंतीशी उभी राहून वास घेत राहिले. पलीकडे कपबश्या वाजत होत्या. पाव्हण्यांपैकी कोणीतरी दुसरा चहा मागितला. मी तशीच घरी आले.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मोटर?"

"चांगली आहे."

"अन् पाणी सगळं उपसलं? मंग उद्या काय करशीन?"

"उद्या लोक आंघोळ्या करतीन ना, बाबा."

ते हसले. "म्हणजे तुया विहिरीले आटाचं भेवच नाही, पोरी."