यांची मराठी गेली तेव्हा

आष्टीत आमचं कापडाचं दुकान होतं. माल परतूरपर्यंत रेल्वेनं यायचा आणि तिथून एस.टी.च्या टपावर टाकून हे घेऊन यायचे. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. त्या दिवशी गाडी स्टँडवर लागली आणि हे नेहमीसारखे मागच्या शिडीनं गठ्ठे उतरवायला चढले. शिडी ओली नव्हती, गर्दी नव्हती. गठ्ठा ओढताना दोरी तुटली आणि हे मागच्या मागे खाली आले. गठ्ठा वरच राहिला. डोक्याची डावी बाजू फरशीवर आपटली.

मला बोलवायला आलेला माणूस म्हणाला, "जरा लागलंय भाभी, रक्त जास्त न्हाई." रक्त खरंच जास्त नव्हतं. कानातून थोडंसं आलं होतं. पण हे डोळे उघडत नव्हते. जीपमध्ये घालून जालन्याला नेलं, तिथून औरंगाबादला. डॉक्टरांनी कवटी उघडून आत साकळलेलं रक्त काढलं.

बऱ्याच दिवसांनी शुद्ध आली, तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा होता. तोंडातून नुसता घशातला आवाज यायचा. मग एका सकाळी स्पष्ट म्हणाले, "पानी." मला इतका आनंद झाला की तो 'णी' आहे का 'नी' इकडे माझं लक्षच गेलं नाही. पुढे "प्यास" म्हणाले. मग "बस." मग कपाळाला हात लावून "दर्द."

"दुखतंय का? कुठं दुखतंय, सांगा ना," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी काय विचारते ते कळत होतं, मान हलवत होते. पण उत्तर द्यायला ओठ उघडले की मराठीतलं काही हाताला लागायचं नाही. मग डोळे भरून यायचे आणि तोंड भिंतीकडे फिरायचं.

यांचं लहानपण निजामाच्या राज्यातलं. पहिल्या तीन-चार इयत्ता उर्दू शाळेत झालेल्या. शिवाय आई लवकर गेल्यानं हे अर्धे वाढले ते गल्लीत समोरच राहणाऱ्या एका मुसलमान घरात. हे सगळं मला माहीत होतं, पण बायकोला नवऱ्याच्या लहानपणाची जेवढी माहिती असते तेवढंच. आमचा पंधरा वर्षांचा संसार मराठीत झाला होता. भांडणं मराठीत, लाडीगोडी मराठीत.

डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते, तिथंच मार बसलाय. दोन भाषा येणाऱ्या माणसाची कधी कधी एकच आधी परत येते. कोणती येईल ते आम्हालाही सांगता येत नाही."

"पण घरात तर आम्ही मराठीच बोलतो की!"

"ते मुद्दाम करत नाहीत, बाई. सूज उतरेल तसं थोडं आपोआप येईल. बाकीचं वापरून वापरून येईल. जखमेच्या आजूबाजूचा मेंदू ते काम शिकतो, पण त्याला कामाला लावावं लागतं. जी भाषा येतेय ती बोलू द्या. गप्प बसू देऊ नका."

मी हसनाबादची. माझ्या माहेरी गावात मुसलमान घरं होती, पण मी शेतात वाढलेली. उर्दू मला बाजारापुरती यायची, तीही मोडकी. दवाखान्यात मी यांना विचारलं, "तुमको भूक लग्या क्या?" तर हे चक्क हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, ते माझ्या उर्दूला.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी आपा आल्या.

आपा म्हणजे त्या समोरच्या घरातली मुलगी. यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन बापाच्या घरी परत आलेली. गल्लीतले लहान-मोठे सगळे तिला आपाच म्हणायचे, मीही म्हणायचे. मला त्या दुल्हन म्हणायच्या आणि माझ्याशी मराठीतच बोलायच्या. आमच्यात कधी काही वाईट नव्हतं. ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला मी डबा पाठवायचे.

त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या, बुरख्याचा पडदा वर केला आणि म्हणाल्या, "क्या रे, कैसा है?"

हे म्हणाले, "अच्छा हूं. सर में दर्द है. तू कायकू इतनी दुबली हो गई?"

तीन वाक्यं. मी एवढे दिवस उशाशी बसून एकेक शब्द गोळा करत होते आणि आपांना आल्या आल्या तीन वाक्यं मिळाली, तीही त्यांच्या तब्येतीची चौकशी करणारी. आपा ओढणीनं डोळे पुसायला लागल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. चूल पेटलेली नव्हती, दूध ठेवलेलं नव्हतं, तिथं माझं काहीच काम नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सगळं आपसूक जुळून आलं. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मी दुकानात बसायला लागले. मी गेले की हे काठी टेकत, उजवा पाय ओढत समोर जायचे. आपांच्या दारात बाहेर दगडी ओटा होता, त्यावर हे बसायचे. आपा आत, दाराच्या पडद्यामागे तांदूळ निवडत. पडदा आमच्याच दुकानातल्या छिटाचा होता. मी स्वतः मोजून दिलेला.

दुपारी जेवायला घरी आले की गल्लीच्या तोंडापासून यांचा आवाज ऐकू यायचा. आधी अडखळत, मग हळूहळू भरभर. आपा वस्तूंची नावं विचारायच्या, चुकलं की ओरडायच्या, "हौ, गधे, बराबर बोल!" आणि हे पुन्हा म्हणायचे. मग कसल्याशा कबुतरांची गोष्ट निघायची, कोणा मास्तरच्या छडीची, आपांच्या अब्बांनी या दोघांना कोंडून ठेवल्याची. पडद्यामागून आपा हसायच्या, ओट्यावर हे हसायचे. त्यात मी कुठंच नव्हते. माझ्या आधीचं सगळं यांच्या डोक्यात शाबूत होतं. माझ्यानंतरचं सगळं खाली कुठंतरी दबून पडलं होतं.

मी दिसले की हे गप्प व्हायचे. रागानं नाही. माझ्याशी बोलायचं म्हणजे मराठी शोधायची, आणि ते यांना ओझं उचलल्यासारखं व्हायचं. ते मला कळत होतं. कळूनही पोटात जळायचं ते जळायचंच. शेजारची एक बाई मला म्हणाली, "लई बसून राह्यलेत तिकडं." मी तिला म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलंय." तिला गप्प केलं, पण तिचं वाक्य संध्याकाळपर्यंत माझ्या कानात होतं. तिला जे वाटत होतं तसलं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसलं काही असतं तर मी भांडले असते. इथं भांडायचं कशाशी?

एकदा मी आपांना गाठलंच. हे घरी झोपले होते.

"आपा, हे माझ्याबद्दल काही बोलतात का?"

"बोलतो की. मला विचारत होता, ये औरत दिनभर दुकान पे खडी रहती, थकती नहीं क्या?"

"ये औरत?"

"अगं, त्याला तुझं नाव येत न्हाई तोंडात. तू कोण हे त्याला बिलकुल बराबर माहिताय. शब्दच सापडत न्हाई, त्याला तो तरी काय करणार?"

मी थकते का, हे यांनी विचारलं होतं. मला नाही, आपांना विचारलं होतं. माझी काळजीसुद्धा मला त्या घरातून आणावी लागत होती. मी म्हटलं, "उद्यापासून त्यांना मी दुकानात घेऊन जाणार."

आपा म्हणाल्या, "ने ना. मी कुठं बांधून ठेवलंय?"

दुकानात पहिले दिवस वाईट गेले. हे गादीवर बसायचे, गिऱ्हाईक आलं की घाबरायचे. दोन माणसं एकदम बोलली की डोकं धरायचे. दुपारनंतर थकले की जे थोडं यायचं तेही जायचं. मी कापडाचा एकेक ताका यांच्या डाव्या हाताखाली द्यायचे आणि सांगायचे, "हे खण. हे परकराचं. हे पॉपलीन." हे कापड बोटांनी चाचपायचे. दुकानदाराची सवय, कापड अंगठ्यानं चोळून बघायची. चोळायचे आणि माझ्याकडे बघायचे. ओठ हलायचे, आवाज नाही.

मग बाजाराच्या दिवशी खेड्यातली एक म्हातारी आली. "शेट, मांजरपाट हाय का?"

यांनी मागचा ताका डाव्या हातानं ओढला, चोळला आणि म्हणाले, "मांजरपाट. हाय. किती पायजे?"

म्हातारीला काय त्याचं! ती म्हणाली, "द्या दोन मीटर." मी कात्री हातात धरून उभी होते. आमच्या एवढ्या संसारातून परत आलेला पहिला मराठी शब्द मांजरपाट, आणि तोही त्या म्हातारीला. मला तिचाही हेवा वाटला. ती कापड काखेत मारून गेली, तिला काय मिळालं हे तिला कळलंसुद्धा नाही.

पण तिथून मराठी यायला लागली. आधी दुकानाची: रुंदी, अस्तर, उधारी, उद्या या. मग भाजीपाल्याची. मग नातेवाइकांची. मध्ये मध्ये उर्दू घुसायची, एकाच वाक्यात दोन्ही भाषा असायच्या. आकडे मात्र शेवटपर्यंत उर्दूतच राहिले. एका सकाळी मी न्हाणीत होते आणि बाहेरून हाक आली, "अगं, ऐकलं का?" मी तशीच ओल्या केसांनी बाहेर आले. यांना साबणाची वडी हवी होती, एवढंच.

वर्षभरात जेवढं यायचं तेवढं आलं. पुढे फार काही वाढलं नाही. उजव्या हातात कात्री कधी धरता आली नाही, कापड मीच कापायचे. आणि मराठी आली ती हळू माणसाची आली. पहिले हे गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायचे, एका दमात तीन गोष्टी सांगायचे. आता वाक्याच्या मध्ये थांबायचे, शब्द येईपर्यंत हवेत बोटं हलवायचे. लोक म्हणायचे, बरे झाले की! मीही हो म्हणायचे.

काही वर्षांनी आपांच्या मुलाला औरंगाबादला नोकरी लागली आणि तो आपांना घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं हे खरं. हे कितीतरी दिवस संध्याकाळी जाऊन त्या ओट्यावर बसायचे. मी हाक मारायचे, मग यायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपा एका लग्नासाठी आष्टीत आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. केस पांढरे झालेले, गुडघे गेलेले. आपा खाटेवर आणि हे खुर्चीवर, असे दोघं बोलत बसले. एव्हाना मला त्यांची भाषा सगळी कळत होती. एवढ्या वर्षांत जळता जळता मी ती शिकले होते. बोलणं काहीच विशेष नव्हतं. गुडघ्यांची दुखणी, सुनेचा स्वयंपाक, टोमॅटोचा भाव.

पण हे न थांबता बोलत होते. फिरकी घेत होते. आपांच्या सुनेची नक्कल करत होते, आवाज बदलून, भुवया उडवून. शिडीवर चढण्याआधीचा माझा नवरा तिथं खुर्चीवर बसला होता, तसाच्या तसा, फक्त दुसऱ्या भाषेत. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो माणूस स्टँडवरच गेला. तो गेला नव्हता. तो आपांशी बोलताना असायचा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आपांनी पाहिलं. "क्या हुआ, दुल्हन? इधर बैठ."

मी बसले. हेवा होताच, तो काही कमी झाला नव्हता. पण यांचा तो आवाज थांबू नये असंही वाटत होतं. आपांना सकाळच्या गाडीनं परत जायचं होतं.

"आपा, आणखी दोन दिवस राहा ना," मी म्हटलं.

"कायकू? लगन तो हो गया."

हे माझ्याकडे वळले. भुवया अजून वरच होत्या. बोटं हवेत हलली, शब्द शोधला, सापडला. "जाऊ दे," हे मला मराठीत म्हणाले, "तिला... घरी... काम असंल."

"न्हाई," मी म्हटलं, "मी लेकाला फोन करते त्यांच्या."

आपा दोन दिवस राहिल्या. मी दुकान उघडलं नाही.