साखरपुड्यातल्या बाळंतिणी

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत संध्याकाळचा चहा माझ्या लॉनवर होतो. चहा कमी, किस्सेच जास्त! या वर्षीचे तर सगळे लॉनच्या एकाच कोपऱ्यातले.

थंडी ओसरली आणि त्या कोरड्या कोपऱ्यात मातीचे चिमुकले ढीग दिसले. प्रत्येकाला मधोमध भोक, वर माश्यांची घूं घूं. तोंडावर आमच्या लेकीचा, केतकीचा साखरपुडा, त्याच लॉनवर! परतवाड्याच्या विहीणबाई कडक, एखादी माशी चावली तर जन्मभर ऐकवतील. आमचे हे विषारी पावडर घेऊन आले.

मी डबा लपवला आणि भाच्याला फोन लावला. तो अकोल्याला शेतकी शिकवतो.

*

भाचा आला, बिळांपाशी मांडी घालूनच बसला. "मावशी, या जमिनीत राहणाऱ्या मधमाश्या, यांचं पोळं नसतं. ज्याचं त्याचं बीळ. उगाच छेडलं नाही तर चावत नाहीत. आणि हे घिरट्या घालणारे नर, यांना तर नांगीच नाही!"

शेजारच्या शबाना आपा म्हणाल्या, "मंजे आमच्या साहेबासारखे! आवाज लय, बाकी काई नाई!"

*

माझ्या सासूबाई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन तयारच होत्या. "मंग बिळात कोन हाये?"

"आई माशी, आजी. अंडी घालते, पिल्लांसाठी पराग साठवते. काही आठवड्यांचंच काम."

पातेलं खाली आलं. "मंजे बाळंतपनाले आल्या ह्या! आन् तुमी इख टाकून राहिले? बाळंतिनीले कोनी हाकलते काय?"

त्या पाण्याचा चहा झाला.

*

ओली माती त्यांना नको असते, म्हणून बाकी लॉनला रोज पाणी. कोपरा कोरडा ठेवून भोवती दोरी बांधली. माश्या अंधार पडायच्या आत घरी जातात, म्हणून मुहूर्तही संध्याकाळचा हवा होता. गुरुजींना सासूबाईंनीच फोन केला.

"सकाळी काय अडचण आहे?"

"घरी बाळंतिनी हायेत."

"अहो, मग सोयर! किती आहेत?"

"असतीन पन्नासेक!"

फोनवर पंचांगाची पानं फडफडली. मग गुरुजी हळूच म्हणाले, "गोरज मुहूर्त आहे."

*

साखरपुडा झकास झाला, एकालाही माशी चावली नाही! मी तर मनातल्या मनात नाचत होते. तेवढ्यात विहीणबाईंचं लक्ष दोरीकडे गेलं.

"हे काहून बांधलं?"

मी घाईघाईने पेढ्यांचं ताट पुढे केलं. सासूबाईंनी मात्र सगळं सांगून टाकलं, बाळंतपणासकट.

केतकीची ओटी भरून झाली होती. विहीणबाईंनी पिशवीतून आणखी एक नारळ काढला, दोरीपाशी गेल्या, कोपऱ्याकडे निरखून पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं,

"एवढ्या जनीले एक पुरन काय?"