नैवेद्याचे दुसरे ताट

देवापुढे नैवेद्य ठेवताना मनात तक्रार यावी, असा एक काळ माझ्या वाट्याला आला होता. माझी नात शर्वरी स्वमग्न आहे. सहाव्या वर्षी दूध आणि कोरडी पोळी यांवाचून ती काहीही तोंडात घेईना. वजन उतरू लागले. माझी सून अनघा घास भरवता भरवता रडकुंडीला येई. मी देवघरातल्या दत्तमूर्तीला विचारी, ‘भगवन्, सर्वांना अन्न देणारा तू; मग या लेकराचेच ताट का परत जाते?’

दत्तजयंतीला आम्ही वारज्याच्या मंदिरात महाप्रसादाला गेलो. पानातले वरण ओघळून भाजीला लागले मात्र, शर्वरीने कानांवर हात ठेवून किंकाळी फोडली. समोरचे गृहस्थ म्हणाले, “मुलांना वळण घरीच लावायचं असतं.”

अनघा उठू लागली, तोच शेजारच्या पानावरील प्रौढ बाई शांतपणे म्हणाल्या, “वळण तिलाच आहे, अहो. तुमचा मठ्ठा जिलबीत शिरलाय, तुम्हाला पत्ता नाही.”

पंक्तीत हशा पिकला. गृहस्थही ओशाळून हसले. बाईंनी शर्वरीपुढे कोरे पान ठेवले आणि तिचा हुंदका ओसरेपर्यंत कोणालाही बोलू दिले नाही. मग अनघाला म्हणाल्या, “माझा मुलगाही असाच. आता माझ्याहून उंच झालाय. हिला रोज तेच ताट, त्याच जागा. नवा पदार्थ चिमूटभर, बाकीच्यांपासून लांब. आणि ‘खा’ म्हणायचं नाही.”

“आणि नाहीच खाल्लं तर?”

“उद्या पुन्हा ठेवायचं. डॉक्टरांना दाखवत राहा, पण ताटावर भांडण नको.”

हात धुऊन परतलो, तो त्या निघून गेल्या होत्या. नावही विचारायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य वाढताना माझा हात थबकला. वर मध्यभागी मीठ (आमच्याकडे नैवेद्यातही ते वाढतात), डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, खाली भाताची मूद. प्रत्येक पदार्थाला त्याची जागा! आणि ताट मांडल्यावर आपण त्याभोवती पाणी फिरवून डोळे मिटतो. देवाच्या तोंडाशी घास नेऊन आग्रह कधी कोणी केला आहे? त्या दिवसापासून मी अगदी तसेच दुसरे ताट शर्वरीसाठी मांडू लागलो. कित्येक दिवस ती केवळ पाहत राही. पोळी खाऊन उठे. मी निमूटपणे ताट उचली.

एकदा नैवेद्यात मीठ वाढायला विसरलो. मागून आवाज आला, “मीठ.” क्वचितच बोलणारी माझी नात उभी होती. तिने देवाच्या ताटात चिमूटभर मीठ ठेवले, मग स्वतःच्या. मांडी घालून बसली आणि भाताचे एक शीत बोटावर घेऊन तोंडात टाकले.

दारात पळी हातात धरून उभी असलेली अनघा कुजबुजली, “बाबा, बघू नका!”

आम्ही दोघांनीही डोळे मिटले, नैवेद्यापुढे मिटावेत तसे. खरे सांगायचे तर मी एक डोळा किंचित उघडा ठेवला होता.

आता ती भात खाते, भाजीही खाते, अंगही धरू लागली आहे. कोशिंबीर अद्याप नामंजूर आहे. देवाचे ताट तीच मांडते आणि मी मांडलेल्या तिच्या ताटात लिंबाची फोड बोटभर सरकली तरी मला परत मांडायला लावते. त्या बाई कोण, हे मी शोधले नाही. ज्याने पाठवल्या त्याला रोज नमस्कार करतो. प्रेमाने मांडावे आणि हात मागे घ्यावा, एवढेच आपल्याकडे असते. उद्या पुन्हा कोशिंबीर वाढीन. चिमूटभर, लांब.