नेत्रावती मिस आणि जेवणाचा नमस्कार

कर्नाटकातल्या हासनच्या शाळेत नेत्रावती बावीस वर्षं खेळ शिकवत होत्या. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पोरीला त्या विचारायच्या, "जेवण झालं का गं?" हासनात हा नमस्कारच. उत्तरही ठरलेलं, "झालं, मिस." उपाशीपोटी पळायचं नाही, भूक मारून बारीक व्हायचं नाही, हे त्यांनी किती पोरींना सांगितलं असेल!

गुरुवारी सरावात त्यांची स्वतःचीच तेरा वर्षांची लेक चंदना कोसळली. नेत्रावतींनी तिचे पाय उंच धरले, गर्दी हटवली, रिक्षा बोलावली. सगळं रीतसर. त्यांच्या मनात मात्र काहीच हललं नाही. डॉक्टर म्हणाले, "मुलगी महिनाभर धड जेवलेली नाही."

घरी त्या म्हणाल्या, "मी रोज विचारत होते. तू झालं म्हणायचीस."

"सगळेच म्हणतात, अम्मा. नमस्काराला कुणी खरं उत्तर देतं का?"

"पण का, पुट्टी, माझ्या बाळा?"

"तूच म्हणालीस ना मैदानात, पळतेस कुठं, नाचणीच्या गोळ्यासारखी गडगडतेस. सगळ्या खिदळल्या."

नेत्रावतींना ते आठवेना. रडूही येईना. रोजच्या जेवणातले नाचणीचे गोळे पातेल्यातच ठेवून त्यांनी भात वाढला, वर आमटी ओतली आणि समोर बसल्या. तीन घासांवर चंदनाचा हात थांबला.

"उद्या पळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आणि शनिवारची स्पर्धा?"

"दुसरी कुणी पळेल."

त्यांनी ताट उचललं नाही. बऱ्याच वेळानं चंदनानं चौथा घास कालवला.